कणीक लावायची वेळ

आक्काबाई गेली त्याच्या चौथ्या दिवशी तिची लेक अश्विनी माझ्या ओट्यावर येऊन बसली आणि म्हणाली, "आप्पा, आईच्या दहाव्याला तिच्या आवडीचं वाजवायचं. काय ते तुमी ठरवा."

मी सत्तरीला टेकलेला माणूस. गावच्या भजनात पंचेचाळीस वर्षं पखवाज वाजवतोय. पाथर्डीच्या या अंगाला कुठल्याही गावात सप्ताह असला, की आधी या भिमाजीला निरोप जातो आणि मग मंडपवाल्याला. एवढं असूनही त्या पोरीचं बोलणं ऐकून मला काही सुचेना, आणि सुचेना म्हणून राग आला. मला राग लवकर येतो हे गावात शाळेतल्या पोरांनाही माहीत आहे.

कारण आक्काबाई बहिरी होती. थोडीथोडकी नव्हे, ठार बहिरी. जन्मापासून कानात काही पडलं नाही म्हणून तोंडातून शब्दही कधी निघाला नाही. सगळा कारभार हातवाऱ्यांवर. नवऱ्याबरोबर वीस वर्षं ऊसतोडीला गेली, नवरा वारल्यावर एकटीनं दोन पोरं वाढवली. प्रवीणनं टेम्पो घेतला, अश्विनी नगरला दवाखान्यात नर्स झाली. सगळं एक शब्दही न बोलता.

"अगं पोरी," मी म्हणालो, "तुझ्या आईला कधी ढगाचा गडगडाट ऐकू आला न्हाई. तिला आवडायचं ते वाजवा म्हनतीस, तर तिला काय आवडायचं?"

"तेच तर शोधायचं हाय. प्रवीणनं नगरहून गायनपार्टी ठरवलीय. कीबोर्ड हाय, ऑक्टोपॅड हाय, माणसाच्या उंचीचे स्पीकर हायेत. लोक म्हणतील दहावा लई भारी झाला. पन त्यात आईचं काय हाय, आप्पा? जल्मभर तिच्यासमोर दुसऱ्यांचीच गाणी झाली. एक दिवस तरी तिचं वाजलं पायजे."

"मंग माझ्याकडं कशाला आलीस?"

"कारण दर एकादशीला ती तुमचंच ऐकायला येत हुती."

अश्विनीला खरी गोष्ट माहीत नसावी असं मला वाटलं. खरी गोष्ट अशी, की आक्काबाईला मी देवळातून हाकललं होतं, आणि त्या दिवसापासून अकरा वर्षं तिनं देवळात पाय ठेवला नव्हता.

आधी तिच्या हातांबद्दल सांगायला हवं. उन्हाळ्यात आमच्या गावाला टँकरचं पाणी. तो कधी येईल हे टँकरवाल्यालाही माहीत नसतं. बाया चौकात पिंपं रांगेनं लावून सावलीला गप्पा मारत बसायच्या. आक्काबाई मात्र तिच्या लोखंडी पिंपाला खेटून, त्यावर पंजा ठेवून बसायची. टँकर अजून खिंडीच्या वळणावर असायचा, कुणाला काही ऐकू यायचं नाही, आणि ही उठून पदर खोचायची. पिंपाच्या तळातलं उरलेलं पाणी थरथरलं, की तिला कळायचं. ती उठली की अख्खी आळी उठायची. चांगल्या धडधाकट कानांची माणसं बहिरीच्या भरवशावर पाणी भरत होती आणि त्यात कुणाला काही नवल वाटत नव्हतं. मलाही वाटलं नाही, याचंच आता नवल वाटतं.

एकादशीला ती सगळ्यांच्या आधी देवळात यायची. रिकामी स्टीलची कळशी दोन्ही हातांनी पोटाशी धरून माझ्या शेजारी बसायची. मी तेव्हा पखवाजाला कणीक लावत असायचो. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो, पखवाजाच्या डाव्या तोंडावर ओली कणीक थापल्याशिवाय त्याला खर्ज येत नाही. थोडी लावायची, थाप मारून बघायची, जास्त झाली तर खरवडायची, कमी पडली तर पाण्याचा हात लावून अजून थापायची, पुन्हा थाप. दहा-पंधरा मिनिटं हा उद्योग चालतो. याला कुणी वाजवणं म्हणत नाही. तोवर मंडळी तंबाखू मळतात, कुणाची म्हैस व्याली ते बोलतात, आणि मीसुद्धा त्यांच्याशी बोलत बोलतच थापा मारत असतो.

मग सूर लागायचा, आमचा विणेकरी गोरक्षनाथ वीणा उचलायचा, टाळ सुरू व्हायचे, माझा हात सुटायचा. आणि नेमकी तेव्हाच ही बाई उठायची. बसलेल्या माणसांच्या मांड्या ओलांडत, कळशी सांभाळत, सरळ बाहेर. एकदा नाही, दर एकादशीला. टाळकरी मला चिडवायचे, "भिमाजी, तुझा पखवाज बहिरीलासुदीक सोसंना." मी वरवर हसायचो आणि आतून जळायचो. ज्या हाताला लोक नावाजतात, त्या हाताला ही पाठ दाखवते म्हणजे काय!

एका एकादशीला माझं डोकं फिरलं. ती येऊन बसली तसं मी दाराकडे बोट केलं. हातवारे करून सांगितलं, बसायचं नसेल तर जागा अडवू नको, चल, बाहेर हो. चार माणसं हसली. आक्काबाईनं माझ्याकडे पाहिलं, कळशी कमरेवर घेतली, जाता जाता पखवाजाच्या लाकडाला एकदा तळवा लावला आणि गेली. त्या रात्री मला झोप चांगली लागली, हेही सांगून टाकतो.

"ती येत न्हवती," मी अश्विनीला म्हणालो. "अकरा वर्षं झाली."

"येत हुती. उठा, दाखवते."

भर दुपारची वेळ. आमच्या मारुतीचा गाभारा दगडी आहे, पण पुढचा सभामंडप वर्गणीचा. लोखंडी खांब, वर पत्रा, आणि वाऱ्याच्या बाजूला आडवा ठोकलेला पत्रा. त्या आडव्या पत्र्याला टेकून माझी बसायची जागा, कारण माझी कंबर धरते. अश्विनी मला आत न नेता मागच्या बाजूला घेऊन गेली. तिकडे कुणी जात नाही. एक वेडी बाभळ, फुटके माठ, नारळाच्या शेंड्या. अश्विनीनं पत्र्याकडे बोट केलं.

पत्र्याला हिरवा रंग आहे. बसल्या माणसाच्या डोक्याच्या उंचीला त्यावर थाळीएवढा डाग होता. तिथला रंग पार उडून पत्रा चकचकीत झालेला, कडेनं खोबरेल तेलाचा काळपट गोल. त्याच्या खाली पाठीच्या उंचीला दुसरा डाग, लांबट. आणि त्याखाली जमीन बसून बसून परातीसारखी खोल झालेली.

वळसा घालून आत गेलो, माझ्या जागेवर पाहिलं. तिथंही पत्र्यावर डाग होता, माझ्या पाठीचा. पंचेचाळीस वर्षांत मी तो कधी पाहिला नव्हता, कारण तो नेहमी माझ्या मागे असायचा. खांबापासून वीत मोजली. बाहेर येऊन पुन्हा मोजली. दोन्हीकडे सहा विती आणि चार बोटं.

अकरा वर्षं मी आणि आक्काबाई पाठीला पाठ लावून बसलो होतो, आणि मध्ये फक्त एक पत्रा होता. देवळात इतकी वर्षं बसलो, पण देवळात आल्यासारखं मला त्या दिवशी वाटलं, तेही देवळाच्या मागे, शेंड्यांच्या ढिगात उभं राहून.

"अश्विने," मी म्हणालो, "तुझ्या आईला मीच हाकललं हुतं. चार लोकांत."

"ठावं हाय मला."

"तिनं सांगितलं?"

"खुणा करून. पन रडत न्हाई आली, आप्पा. हसत आली. बाहेर लई चांगली जागा गावली म्हणून सांगत हुती. हितं आतल्यापेक्षा जास्त लागतं, असं." अश्विनीनं आपल्या छातीवर तळवा आपटून दाखवला. आईचीच खूण असावी ती.

पोरगी मला चार शब्द लावून बोलली असती तर बरं झालं असतं. मी खाली बसलो, त्या खोलगट जागेवर नाही, जरा बाजूला.

"मंग अभंग संपस्तोवर बसायची का हितं?"

"न्हाई ना. टाळ सुरू झाले की घरी. म्हणून तर मला उमगत न्हाई तिला नेमकं काय आवडायचं. ऐकायला जायची आन गाणं सुरू झालं की परत यायची. आता तुमीच ऐका, ती ऐकायची तसं. आन मला सांगा." तिनं पिशवीतून कापसाचा बोळा काढला. नर्सच ती, तयारीनं आली होती. दुसऱ्या पिशवीत आईची कळशी होती.

गोरक्षनाथाला बोलावणं धाडलं. त्याचा पखवाजावरही थोडाफार हात चालतो. थोडाच, पण त्याला तसं सांगायचं नाही. त्याला आत माझ्या जागेवर बसवलं. मी दोन्ही कानांत कापूस कोंबला, वरून उपरणं आवळून बांधलं, आणि त्या खोलगट जागेत जाऊन बसलो. आक्काबाई माझ्यापेक्षा बुटकी होती, तेव्हा पाय लांबवून खाली सरकलो, डोकं डागाला लागेल असं. कळशी पोटाशी धरली. अशी धरली म्हणजे कळशीचं तोंड छातीला लागतं आणि बूड मांडीत राहतं.

गोरक्षनाथाला मी आधीच सांगून ठेवलं होतं, माझ्या सगळ्या चांगल्या चीजा जमतील तशा वाजव. ज्या ऐकून शेवगावकडची माणसं उठून उभी राहिली होती, त्या. मी वाट पाहत बसलो. पाठीला काहीतरी लागत होतं, पण काय? बाटलीत अडकलेल्या माशीची गुणगुण असते तेवढंच. माझी दुगण, माझी चौगण, ती दुप्पट-चौपट लय, उजव्या हाताची ती सगळी कारागिरी, ज्यासाठी पोरवयात बोटं फुटेस्तोवर घासली, तिच्यातलं काही म्हणजे काही पत्र्यापार येत नव्हतं. मग ठरल्याप्रमाणे अश्विनीनं आत टाळ वाजवायला घेतले. सगळा पत्रा कडकडायला लागला, दात शिवशिवले, कळशी थडथडली. दोन मिनिटंही बसवेना. म्हणजे आक्काबाई एवढ्यासाठी उठून जायची. मी तिच्या जागी असतो तर शिव्या देत गेलो असतो.

टाळ थांबले. पखवाजही थांबला. मला वाटलं झालं, सगळा खेळ संपला, बहिऱ्या बाईला पखवाजातलं काही कळत नव्हतं हेच खरं. मी उठायला म्हणून एक हात जमिनीला टेकवला.

तेवढ्यात एक थाप आली.

ती आधी पाठीत आली. मग कळशीनं ती घेतली, आणि कळशीतून ती माझ्या बरगड्यांत उतरली, तिथून पोटात, आणि पोटात बराच वेळ राहिली. कानात कापूस होता, वर फडकं होतं, आवाज असा काही नव्हताच. आवाज निघण्याआधी जे काही असतं, ते होतं. मग काहीच नाही. मी श्वास धरून बसलो. दुसरी थाप आली, पहिलीपेक्षा खोल. पुन्हा काही नाही. तिसरी त्याहून खोल, आणि तिच्यात पहिल्या दोघीही होत्या. मधला वेळ रिकामा नव्हता, हे मला तिथं कळलं. मधल्या वेळात पुढची थाप तयार होत होती आणि ती येईपर्यंत माझं सगळं अंग वाट बघत होतं. माझ्या आयुष्यात मी इतकं मन लावून कधी काही ऐकलं नाही. मी रडत होतो, हे कळशीवर पाणी पडलं तेव्हा मला कळलं.

गोरक्षनाथ काय वाजवत होता? काहीच नाही. उन्हानं डावं अंग सुकलं म्हणून कणीक लावत होता.

मी उपरणं सोडलं आणि आत गेलो.

"सापडलं," मी म्हणालो. "तुझी आई गाण्याला येतच न्हवती. मी कणीक लावायचो ना, तेवढ्याला येत हुती."

पंचेचाळीस वर्षं मी जे वाजवणं धरलं नाही, तेच एक बाई जीव ओतून ऐकत होती. मी म्हशींच्या गप्पा मारत मारत मारलेली एकेक थाप तिनं पोटात ठेवून घरी नेली होती. एवढा मोठा ऐकणारा माझ्या पाठीशी बसला होता, आणि मी समोर बसून माना डोलावणाऱ्यांकडे बघत होतो. मला माझीच लाज वाटली, आणि लाजेपेक्षा मोठं काहीतरी वाटलं, त्याला माझ्याकडे शब्द नाही.

प्रवीणला सांगायला मीच गेलो. तो टेम्पोची काच पुसत होता.

"आप्पा, दोन तालुक्यांतनं लोक येनार," तो म्हणाला. "बॅनर लागला, मोबाईलवर सगळ्यांना पत्रिका गेली. आन त्यांच्याम्होरं तुमी पीठ थापत बसनार?"

"व्हय. पंधरा मिनिटं. त्यानंतर तुझी पार्टी, महाराजांचं प्रवचन, सगळं होऊ दे."

"लोक नावं ठेवतील."

"मला ठेवतील. आन तुझे ते मोठे स्पीकर पन लागतील मला."

हे ऐकून तो पुसायचा थांबला. भजनात माईक आणला म्हणून मी एकदा वायर उपटली होती, त्याला तो साक्षीदार होता. त्यानं फडकं खांद्यावर टाकलं आणि म्हणाला, "आईचं पिंप म्होरं ठिऊ का? पाण्यानं भरून?" मी म्हणालो, ठेव.

दहावा ओढ्याकाठी होता. मंडप भरला. एकीकडे गुरुजी पिंडाचं पीठ मळत होते आणि इकडे मी पखवाजाचं. विधी उरकत आल्यावर मी माईकपुढे बसलो. उजव्या हाताला आक्काबाईची जागा मोकळी सोडली, तिथं कळशी ठेवली. आणि सगळ्यांपुढं सांगितलं, की या बाईला मी हाकललं होतं, तरी ती अकरा वर्षं पत्र्यामागं बसून ऐकत होती, आणि काय ऐकत होती ते मला परवा कळलं. गर्दीत कुजबुज झाली. कुणीतरी हसलं. मी माईक पखवाजाच्या डाव्या तोंडाशी वळवला.

मग मी त्या मोकळ्या जागेकडे पाहून हात केला. ये, बस. अकरा वर्षांपूर्वी करायला हवी होती ती खूण.

कणीक लावली. पहिली थाप मारली.

त्या स्पीकरांना मी आजवर नावं ठेवली, ती परत घेतो. थाप जमिनीतून गेली. लोक गप्प झाले. मी पाण्याचा हात लावला, कणीक जरा पसरवली, थांबलो. घाई केली नाही. दुसरी मारली. पुढच्या रांगेत भागिरथी बसली होती, आक्काबाईची शेजारीण. टँकरच्या रांगेत वीस वर्षं तिच्या मागचा नंबर हिचा. ती एकटक पिंपाकडे बघत होती. पिंप काठोकाठ भरलेलं होतं आणि त्यातल्या पाण्यावर काठापासून मधोमध गोल गोल वलयं धावत होती.

"अगं बया," भागिरथी म्हणाली, "आला की टँकर!"

ती उठली, पिंपाजवळ गेली आणि आक्काबाई ठेवायची तसा त्यावर पंजा ठेवला. तिसरी थाप आली. भागिरथीनं डोळे मिटले. तिचं तोंड बघून दुसरी बाई उठली, मग तिसरी, मग प्रवीण. मग रांगच लागली. पाण्याला लागते तशीच रांग, फक्त कुणी कुणाला ढकलत नव्हतं. एकेक माणूस यायचं, तळवा टेकवायचं, एक थाप घेऊन बाजूला व्हायचं. म्हातारी माणसं, तोडणीवाले गडी, नगरच्या पार्टीचा कीबोर्डवाला, महाराजसुद्धा. तिघाचौघांना मी तळवा काढून छातीवर ठेवताना पाहिलं. कुणाला काही सांगावं लागलं नाही. ज्या गावानं तिच्या हातांवर इतकी वर्षं पाणी भरलं, त्या गावाला तिच्या हातांना काय कळत होतं ते त्या दिवशी समजलं. अश्विनी रांगेत नव्हती. ती माझ्या शेजारी येऊन बसली होती, कळशीच्या पलीकडे, आणि कळशीवर तिचे दोन्ही हात होते.

पंधरा मिनिटं झाली. खर्ज जिथं हवा तिथं बसला. यापुढं कणीक लावायला जागा नव्हती.

गोरक्षनाथानं वीणा छातीशी घेतली. टाळकऱ्यांनी टाळ उचलले. माझाही उजवा हात सवयीनं वर गेला, आणि मी तो तसाच धरला.

"थांबा जरा," मी म्हणालो. "तिला जाऊ द्या आधी."

मी माझी मांडी आत ओढून घेतली. टाळकऱ्यांनी काही न विचारता आपापले गुडघे सरकवले. माणूस जाईल एवढी वाट माझ्यापासून मंडपाच्या तोंडापर्यंत मोकळी झाली. अश्विनीनं कळशीवरचे हात काढून घेतले. आम्ही सगळे त्या वाटेकडे बघत बसलो.

पिंपातलं पाणी स्थिर झालं, तेव्हा मी गोरक्षनाथाकडे पाहून मान हलवली.